कमरेला अर्धा किलो: पिस्तूल लपवून बाळगण्याची दोनशे वर्षं

अमेरिकेत नव्याने पिस्तूल बाळगू लागलेला माणूस जाणत्यांना जो पहिला प्रश्न विचारतो, तो बहुधा नेमबाजीचा नसतो. गाडीत बसलं की मूठ बरगडीत टोचते, हात वर केला की शर्टावर उंचवटा दिसतो, संध्याकाळपर्यंत कंबर सोलवटून निघते. यावर काय करायचं, असं तो विचारतो. या तक्रारीवर तिथे एक अख्खा उद्योग उभा आहे. पण सामान्य नागरिकाने रोज, दिवसभर, कपड्यांखाली पिस्तूल वागवायचं ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुळली ती गेल्या चाळीसेक वर्षांत. त्याआधी लपवलेलं हत्यार खिशात जायचं, गरजेपुरतं जायचं, आणि बऱ्याच ठिकाणी कायद्याची नजर चुकवूनच जायचं.

एकोणिसाव्या शतकात लपवणं हीच शरमेची गोष्ट होती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी 1813 मध्येच लपवून हत्यार बाळगण्याला बंदी घातली. त्यामागचा हिशेब आजच्या अगदी उलटा होता: सज्जन माणूस हत्यार उघड लावतो, लपवतो तो दगा देणारा. केंटकीचा कायदा 1822 मध्ये तिथल्याच न्यायालयाने रद्द केला. तेव्हा राज्याने 1850 मध्ये घटनाच बदलून घेतली. आज त्याच देशात कमरेला उघडं पिस्तूल लावून दुकानात शिरणाऱ्याकडे लोक दचकून पाहतात आणि झाकून आणणारा समंजस ठरतो.

शरम असो वा कायदा, खिसे रिकामे राहिले नाहीत. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची तळहातात मावणारी पिस्तुलं याच काळात खपली. 1865 मध्ये फोर्ड नाट्यगृहात लिंकन यांच्यावर झाडलेलं पिस्तूल त्याच घडणीचं होतं: जेमतेम 15 सेंटिमीटर लांब, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचं, आणि एकाच गोळीचं. पुढच्याच वर्षी रेमिंग्टन कंपनीने एकावर एक दोन नळ्यांचं छोटं पिस्तूल काढलं आणि ते 1935 पर्यंत बनवत राहिले. नेम धरण्याच्या दृष्टीने दोन्ही सामान्यच. पण ती टोचत नव्हती, आणि घेणाऱ्याला तेवढं पुरत होतं.

पडद्यावरचा पश्चिमेकडचा माणूस मांडीवर खाली लोंबणाऱ्या म्यानात रिव्हॉल्व्हर घालून फिरतो. खऱ्या गावांत चित्र बरंच वेगळं होतं. अ‍ॅरिझोनातल्या टूम्बस्टोनने 1881 च्या एप्रिलमध्ये गावात हत्यार घेऊन फिरायला बंदी केली होती, आणि ऑक्टोबरमधली ओ. के. कोरलची सुप्रसिद्ध चकमक पेटली ती ही बंदी मोडल्याच्या कारणावरूनच. चकमकीत पोलिसांच्या बाजूने लढलेल्या वायट अर्पने नंतरच्या चौकशीत सांगितलं की चालत जाताना त्याचं पिस्तूल ओव्हरकोटच्या खिशात होतं. इतिहासातली सगळ्यांत गाजलेली बंदूकबाजी, आणि तिचा नायक हत्यार आणतो कोटाच्या खिशातून! जाड लोकरी कोट असला की लपवायची अक्कल वेगळी लागतच नाही.

खिशाचा हा काळ पुढे बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याने आणखी सपाट केला. कोल्ट कंपनीचं त्याने घडवलेलं 1903 चं पॉकेट मॉडेल पाहिलं की नवल वाटतं: कुठे कोपरा नाही, घोडा आतल्या आत झाकलेला, खिशातून काढताना अस्तरात अडकेल असं काही नाही. 1908 मध्ये त्याचंच त्याहून लहान, जाकिटाच्या खिशात मावणारं पिस्तूल आलं. लगेच 1911 मध्ये न्यूयॉर्कने सुलिव्हन कायदा करून अशा लपवता येणाऱ्या हत्यारांवर परवान्याची सक्ती केली.

यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं या विद्येचे वारसदार होते साध्या वेशातले पोलीस. कोल्टच्या नोकरीतला जॉन हेन्री फिट्झजेराल्ड हा धिप्पाड गृहस्थ मोठ्या रिव्हॉल्व्हरच्या नळ्या छाटायचा, घोड्याचं टोक कापायचा, चापाभोवतालच्या कडीचा पुढचा भाग काढून टाकायचा, आणि अशी जोडी चामड्याचं अस्तर लावलेल्या पँटच्या खिशांत बाळगायचा. (कडी कापण्याची ही हौस पुढे मागे पडली ते बरं झालं.) 1927 मध्ये कोल्टने दोन इंची नळीचं, सहा गोळ्यांचं डिटेक्टिव्ह स्पेशल आणलं. 1950 मध्ये स्मिथ अँड वेसनने पाच गोळ्यांचं चीफ्स स्पेशल काढलं आणि दोनच वर्षांनी घोडा पूर्णपणे आत गेलेलं सेंटेनियल. एक गोळी कमी केली म्हणजे गोळ्या ठेवायच्या गोल फिरकीचा घेर घटतो, आणि कमरेला टोचतो तो हाच घेर.

पण मोठं पिस्तूल सोडायचं नाही असा हट्ट धरणारे होतेच. ‘1911’ या नावाचं लष्करी पिस्तूल रिकामं असताना 1.1 किलोचं, पण फिरकी नसल्यामुळे चपटं. ते झाकायचं कसं, या प्रश्नातून या साऱ्या इतिहासातलं मला सगळ्यांत देखणं वाटणारं काम झालं. कॅलिफोर्नियात वेश पालटून अमली पदार्थांच्या टोळ्यांत वावरणारा ब्रूस नेल्सन नावाचा पोलीस होता. कोट घालून तिथे जाणं म्हणजे आपण कोण ते सांगण्यासारखंच. त्याने पँटच्या आत, पट्ट्यामागे बसणारं म्यान स्वतःच शिवलं. आतलं म्यान नवं नव्हतं, पण त्याचे दोन दोष होते: चालता-बसता ते सरकायचं, आणि पिस्तूल काढलं की पट्ट्याच्या दाबाने त्याचं तोंड मिटायचं. नेल्सनने चामडं उलटं केलं. खरबरीत बाजू बाहेर आली, ती कपड्याला धरून राहू लागली, आणि गुळगुळीत बाजू आत पिस्तुलाला. तोंडाशी कडक पट्टी बसली, त्यामुळे ते उघडं राहिलं आणि एका हाताने, खाली न बघता पिस्तूल परत ठेवता येऊ लागलं. आयडाहोतल्या मिल्ट स्पार्क्सने हा नमुना ‘समर स्पेशल’ या नावाने विकायला काढला, आणि पुढच्या कारागिरांनी त्याच्या किती नकला केल्या याची गणती नाही. ‘उन्हाळी’ हे नाव अगदी चपखल होतं, कारण प्रश्न कोट उतरवल्यावरच सुरू होतो.

आणि मग कायद्यानेच कोट उतरवला. त्याआधी बऱ्याच राज्यांत परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. 1987 मध्ये फ्लोरिडाने ठरवलं की अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यावाच लागेल. असं करणारं ते पहिलं राज्य नव्हतं, पण त्यानंतर लाटच आली. टेक्सासमध्ये 1871 पासून पिस्तूल बाळगण्यावर बंदी होती, तिथे 1995 मध्ये कायदा बदलला. इलिनॉय सगळ्यांत शेवटी, 2013 मध्ये, तेही न्यायालयाने भाग पाडल्यावर. या लाटेचा उगम अशा राज्यात व्हावा जिथे वर्षाचे बरेच महिने लोक अर्ध्या चड्डीत आणि टी-शर्टात वावरतात, ही गंमतच. लाखो नव्या परवानाधारकांपुढे पोलिसांनी ठेवलेला वारसा होता कोटाखालचा. मग कमरेच्या झिपवाल्या पिशव्या आल्या, छायाचित्रकारांची असतात तशी खिसेवाली जाकिटं आली. भर उन्हात असं जाकीट घालणारा माणूस काय बाळगतो हे शेंबडं पोरही सांगू शकायचं.

याच सुमारास पिस्तूलही बदललं. ग्लॉक या नव्या पिस्तुलाला बाहेरून दाबायचा वेगळा सेफ्टीचा खटका नाही. चाप मागे गेला की गोळी सुटते. म्हणजे चाप झाकणारं कडक म्यान ही चैन राहिली नाही. ते नसलं तर काय होतं हे 2008 च्या नोव्हेंबरमध्ये साऱ्या देशाने पाहिलं. न्यूयॉर्क जायंट्सचा फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस याने मॅनहॅटनच्या एका क्लबात ढगळ स्वेटपँटच्या कमरेत नुसतंच ग्लॉक खोचलं होतं. ते घसरलं, सावरायला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत शिरली. वर न्यूयॉर्कचा परवाना नव्हता म्हणून दोन वर्षांची शिक्षा झाली, ती वेगळी.

कडक म्यानाचं साहित्य तोवर तयारच होतं. कायडेक्स हे प्लास्टिक 1960 च्या दशकात विमानांच्या अंतर्भागासाठी निघालं. तापवलं की मऊ पडतं, पिस्तुलावर दाबलं की त्याचा साचा घेतं, आणि घाम पीत नाही. म्यानासाठी त्याचा वापर 1970 च्या दशकात सुरू झाला, पण घराघरांतल्या ओव्हनवर कारागीर तयार झाले ते बरंच नंतर. चामड्याचे भक्त अजूनही नाक मुरडतात, आणि अंगाला लागण्याच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण चुरगळलेल्या जुन्या चामड्याची घडी चापात शिरू शकते, या मुद्द्यावर त्यांच्याकडे चोख उत्तर नाही.

मग पिस्तूल कुठे ठेवायचं, या जागेच्या वादाने जोर धरला. उजव्या कुल्ल्यामागे थोडं पुढे झुकवलेलं, ही एफबीआयच्या कोटवाल्यांची जुनी रीत. वाकलं की तिथे मूठ उठून दिसते, आणि गाडीच्या सीटवर ती पाठीत रुतते. अलीकडच्या दशकात पुढची जागा, बेंबीच्या उजवीकडची, लोकप्रिय झाली. ती खरोखर सुसह्य केली दोन क्षुल्लक तुकड्यांनी. म्यानाला एक छोटा प्लास्टिकचा पंजा लावतात. तो पट्ट्याच्या आतल्या बाजूला टेकतो, पट्टा त्याला दाबतो आणि सगळं म्यान किंचित फिरून मूठ पोटाकडे वळते. नळीच्या टोकाशी फोमची पाचर बसवतात. ती खालचं टोक अंगापासून दूर ढकलते, त्यामुळे वरचा भाग अंगात शिरतो. पोट सुटलेल्यालाही त्याने फरक पडतो.

बायकांकडे या उद्योगाचं लक्ष फार उशिरा गेलं. पोलिसी म्यान रुंद पट्टा आणि सरळ कंबर गृहीत धरतं. फ्रॉकला पट्टाच नसतो. बराच काळ त्यांना पर्सचा सल्ला मिळत आला. 2014 च्या डिसेंबरमध्ये आयडाहोतल्या हेडन गावी, दुकानात खरेदीला गेलेल्या एका आईच्या पर्समधल्या, पिस्तुलासाठीच केलेल्या कप्प्यातून तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पिस्तूल काढलं आणि त्यात तिचा जीव गेला. अंगापासून वेगळं हत्यार म्हणजे नजरेपासूनही वेगळं, हे व्यावसायिकांनाही सुटलेलं नाही. 2015 मध्ये वॉशिंग्टनला संसदेच्या पोलिसांची पिस्तुलं स्वच्छतागृहांत विसरलेली सापडली. त्यातलं एक तर लहान मुलाच्या नजरेस पडलं. अंगालाच बांधायचं पण पट्ट्यावर अवलंबून नसलेलं साधन बाजारात नीट रुजलं ते 2020 च्या आगेमागे.

कारखान्यांनी मात्र आपल्या बाजूने उत्तर शोधलं. 1994 च्या संघीय कायद्याने नव्या मॅगझिनना (पिस्तुलात बसणाऱ्या गोळ्यांच्या पेट्यांना) 10 गोळ्यांची मर्यादा घातली. 10 च गोळ्या चालणार असतील तर पिस्तूल मोठं कशाला, हा विचार बळावला. पुढच्याच वर्षी ग्लॉक 26 आलं. कायदा 2004 मध्ये संपला, पण लहानपण टिकलं. 2008 मध्ये रुगरचं एलसीपी रिकामं असताना तीनशे ग्रॅमच्याही आत आलं. 2018 मध्ये सिगच्या पी 365 ने जेमतेम एक इंच जाडीत, अर्ध्या किलोच्या आसपास वजनात 10 गोळ्या बसवल्या, आणि लहान पिस्तुलांचा बाजारच त्याच्यामागे धावला.

2015 च्या एका राष्ट्रीय पाहणीवरून रोज भरलेलं पिस्तूल बाळगणारे प्रौढ सुमारे 30 लाख असल्याचा अंदाज संशोधकांनी काढला होता. 2019 च्या पाहणीत तोच अंदाज 60 लाखांवर गेला. 2022 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची परवान्यासाठीची ‘सबळ कारण दाखवा’ ही अट रद्द केली, आणि 2024 पर्यंत 29 राज्यांत परवान्याशिवायच झाकून बाळगता येऊ लागलं. परवान्याबरोबर सक्तीचं प्रशिक्षणही त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गेलं. त्यामुळे म्यान कसं निवडायचं आणि चाप का झाकायचा, हे आधी वर्गात कानावर पडायची शक्यता होती, ते आता बरेच जण दुकानाच्या काउंटरवर शिकतात. तिथला विक्रेता सगळ्यांत मऊ, सगळ्यांत स्वस्त, कुठल्याही पिस्तुलाला चालणारं कापडी म्यान पुढे करतो, आणि ते अंगाला खरोखर छान लागतं.