शंकरपाळीची दुसरी वाट

दोन संख्या घ्या, त्यांची बेरीज करा, उत्तर छापा आणि थांबा. फ्लोचार्टची ओळख बहुतेकांना अशाच एखाद्या उदाहरणाने होते आणि त्यामुळे फ्लोचार्ट, म्हणजेच ओघतक्ता, हे वहीत पट्टीने आखून गुण मिळवायचे चित्र आहे असा समज रुजतो. बेरजेच्या त्या आकृतीत एकही फाटा नसतो. ती न काढताही प्रोग्रॅम बिनचूक लिहिता येतो. फ्लोचार्टचा उपयोग खरोखर पटवून घ्यायचा असेल, तर जिथे पुन्हापुन्हा मागे वळावे लागते आणि कुठे थांबायचे हे आधीच ठरवावे लागते, असे उदाहरण घ्यायला हवे. तसे एक उत्तम उदाहरण नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली गणिताला दिले.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी आणि चढत्या क्रमाने लावून लहान संख्या तयार करावी, मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या वजाबाकीवर हीच कृती पुन्हा करावी. कापरेकरांचा जन्म १९०५ सालचा, म्हणून तीच संख्या घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा केल्यावर ९३५१ येतात आणि पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ असे टप्पे घेत सातव्या वजाबाकीला ६१७४ मिळतात. त्यानंतर ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४च, त्यामुळे संख्या तिथेच स्थिरावते. एक अपवाद सोडला, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ पर्यंत पोहोचते. हा अपवाद पुढे आपोआप समोर येईल.

आता संगणकाने संख्या विचारावी आणि ६१७४ येईपर्यंत किती वजाबाक्या लागल्या ते सांगावे, असा प्रोग्रॅम लिहायचा आहे. फ्लोचार्टच्या खुणा मोजक्या असतात. सुरुवात आणि शेवट गोलसर कडांच्या चौकटीत, माहिती घेणे वा दाखवणे समांतरभुज चौकोनात, करायची कृती आयतात आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणारा प्रश्न शंकरपाळीच्या आकाराच्या चौकटीत लिहितात. बाण क्रम दाखवतात. आपला पहिला कच्चा आराखडा असा होईल: संख्या घ्या, ‘फेऱ्या’ नावाच्या जागेत शून्य ठेवा, संख्या ६१७४ आहे का असे शंकरपाळीत विचारा, ‘हो’ असेल तर फेऱ्या दाखवून थांबा, ‘नाही’ असेल तर अंक लावा, वजाबाकी करा, ती संख्येच्या जागी ठेवा, फेऱ्यांत एक मिळवा आणि बाणाने त्याच शंकरपाळीकडे परत जा.

प्रश्न वजाबाकीच्या आधी ठेवायचा की नंतर, ही केवळ मांडणीची बाब वाटेल, पण वापरणाऱ्याने ६१७४ हीच संख्या दिली तर आधी विचारणारा आराखडा शून्य फेऱ्या सांगेल आणि नंतर विचारणारा एक. दोन्हींपैकी काय हवे ते माणसाने ठरवायचे असते. कागदावर ती चौकट कुठे काढावी म्हणून हात थबकतो, तेव्हाच हा निर्णय आपल्याला घ्यायचा आहे हे ध्यानात येते.

शंकरपाळीतून निघणाऱ्या दोन बाणांपैकी ‘हो’ची वाट सगळेच नीट पाहतात, कारण ती उत्तराकडे जाते. मला विचाराल तर फ्लोचार्टचे निम्मे मोल ‘नाही’च्या वाटेवर बोट ठेवून चालण्यात आहे. या वाटेने गेलेली प्रत्येक संख्या कधीतरी ‘हो’कडे वळते का? ११११ घेऊन पाहा. अंक कसेही लावले तरी ११११च राहतात, वजाबाकी शून्य येते, शून्यावर कृती केली की पुन्हा शून्यच. ‘नाही’चा बाण असाच फिरत राहतो आणि प्रोग्रॅम कधीच थांबत नाही. वर म्हटलेला अपवाद तो हाच: चारही अंक सारखे असलेल्या नऊ संख्या. म्हणून आवर्तन सुरू होण्यापूर्वी ‘सर्व अंक सारखे आहेत का?’ अशी दुसरी शंकरपाळी काढून ‘हो’ची वाट एका सूचनेकडे वळवावी लागते.

दुसरा खड्डा याहून फसवा आहे. २१११ मध्ये सगळे अंक सारखे नाहीत, त्यामुळे ही संख्या नव्या चौकीतून सुखरूप पुढे जाते. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. माणूस कागदावर ०९९९ लिहून ९९९० मधून ०९९९ वजा करतो, ८९९१ मिळवतो आणि पाचव्या वजाबाकीला ६१७४ गाठतो. संगणकाला मात्र तो डावीकडचा शून्य ठेवायला सांगितलेला नसेल, तर तो ९९९ मधून ९९९ वजा करून शून्यात अडकतो. १००० ते ९९९९ या ९००० संख्यांपैकी अशा फक्त ६८ आहेत, तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्यापेक्षा एकाने कमी किंवा जास्त असलेल्या. त्यामुळे सहज मनात येतील त्या दहा-वीस संख्या देऊन प्रोग्रॅम तपासला तर चूक बहुधा सापडणारच नाही. ‘अंक लावा’ या आयतात ‘चार अंक होईपर्यंत डावीकडे शून्य जोडा’ एवढे शब्द घातले की ती दूर होते. मात्र फ्लोचार्ट हा शून्य स्वतःहून दाखवत नाही. संख्या, वजाबाकी आणि फेऱ्या असे तीन रकाने आखून प्रत्येक चौकटीगणिक बदलणारी किंमत हाताने लिहित जावे लागते. प्रोग्रॅमर याला ‘ड्राय रन’ म्हणतात.

कामाचे टप्पे चिन्हांनी मांडायची पद्धत संगणकाहून जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकी दांपत्याने १९२१ मध्ये कारखान्यातील कामांसाठी असे तक्ते मांडले. संगणकासाठी आकृत्यांची पद्धत हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. १९६६ मध्ये बोम आणि याकोपिनी या इटालियन संगणकशास्त्रज्ञांनी सिद्ध केले की क्रम (एकामागून एक कृती), निवड (दोनपैकी एक वाट) आणि आवर्तन (तीच कृती पुन्हापुन्हा) या तीनच रचनांतून कोणताही प्रोग्रॅम बांधता येतो. याचा अर्थ हवा तिथून हवा तिथे बाण नेण्याची गरज नाही. मोठ्या प्रोग्रॅमचे फ्लोचार्ट नंतर मागे पडले, ते योग्यच झाले असे मला वाटते. वीस-पंचवीस चौकटींपुढे आकृतीतले बाण एकमेकांत गुंततात आणि कोडच वाचायला सोपा ठरतो.

हीच आकृती थोडी बदलून तीन अंकी संख्यांसाठी वापरता येते. तिथे प्रवास ४९५ वर थांबतो आणि शंकरपाळीतला आकडा बदलला आणि शून्य चारऐवजी तीन अंक होईपर्यंत जोडले की भागते. दोन अंकी संख्यांना मात्र असा मुक्कामच नाही: ०९ वरून ८१, तिथून ६३, मग २७, ४५ आणि पुन्हा ०९. इथे शंकरपाळीत कोणताही एक आकडा लिहून चालत नाही. ‘ही संख्या आधी येऊन गेली आहे का?’ असे विचारावे लागते आणि त्यासाठी आलेल्या प्रत्येक संख्येची नोंद ठेवणारा एक नवा आयत बाणाच्या वाटेत काढावा लागतो.