पार्श्वभूमी : फादर डेमियन आणि १८९८चा कुष्ठरोग कायदा

कुष्ठरोग शोधमोहीम लागली की सांगली जिल्ह्यात आशाताई घरोघरी जाऊन अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का ते विचारतात. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरी लोक चट्टा लपवतात. त्यामागे रोगाइतकाच कायद्यांचाही हात आहे आणि त्या कायद्यांचा धागा एका कॅथलिक धर्मगुरूच्या मृत्यूपर्यंत जातो.

बेल्जियममधल्या शेतकरी घरातले फादर डेमियन १८७३मध्ये प्रशांत महासागरातल्या हवाईतल्या मोलोकाई बेटावर गेले. तिथले सरकार १८६५च्या कायद्याखाली रुग्णांना घरातून उचलून, मागे उभा कडा आणि पुढे समुद्र अशा जागी नेऊन सोडत होते. धर्मगुरूंनी आळीपाळीने जायचे ठरले होते. डेमियन मात्र तिथेच राहिले. त्यांनी घरे बांधली, जखमा धुतल्या, शवपेट्या स्वतः ठोकल्या. १८८४च्या अखेरीस कढत पाण्याने पाय भाजला तरी त्यांना काहीच जाणवले नाही, तेव्हा आपल्यालाही रोग जडल्याचे त्यांनी ओळखले. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी ते गेले. काही महिन्यांतच हवाईतल्याच होनोलुलूच्या एका प्रोटेस्टंट पाळकाने पत्र लिहून त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी राबलेले मिशनरी प्रोटेस्टंटच होते, त्यामुळे त्या एका पत्रावरून अख्ख्या पंथाला तोलू नये.

डेमियन यांच्या स्मरणार्थ लंडनला निधी उभा राहिला आणि त्या पैशातून १८९०-९१मध्ये एक आयोग हिंदुस्थानात आला. हा रोग संसर्गाने फार थोडा पसरतो, रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याची गरज नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले. निधीच्या समितीतल्या अनेकांना ते रुचले नाही. १८९८मध्ये कायदा आलाच. तो कुणावर चालला हे नीट पाहायला हवे. व्रण झालेला रुग्ण भीक मागताना दिसला किंवा त्याला पोटापाण्याचे साधन नसले, तर पोलिसांनी त्याला वॉरंटशिवाय धरायचे आणि आश्रमात कोंडायचे. खाण्याचे पदार्थ विकायला करणे, सार्वजनिक विहिरीवर आंघोळ करणे यांवरही बंदी घालता येत होती. ज्याच्याकडे वाडा आणि नोकरचाकर होते, त्याला यातली कसलीच झळ नव्हती. रोग अडवायचा असता तर कायद्याने गरीब-श्रीमंत पाहिले नसते. गरिबाला रस्त्यावरून हटवणे एवढाच त्याचा उपयोग होता. डेमियन यांचे नाव घेऊन सुरू झालेल्या कामाचा शेवट असा व्हावा, हा त्यांच्यावरचा अन्यायच.

कायदा इंग्रजांचा होता, पण आजच्या सांगली जिल्ह्याच्या परिसरात तेव्हा एकच राजवट नव्हती : सातारा इंग्रजी मुलखात होता, मिरज-सांगली पटवर्धनांच्या संस्थानांत. मिरजेत १८९४मध्ये अमेरिकन मिशनचे रुग्णालय उभे राहिले आणि पुढे कुष्ठरुग्णांसाठी वेगळे रुग्णालय झाले.

स्वातंत्र्यानंतरही धोरण पटकन बदलले नाही. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात कुष्ठरोगी भिकाऱ्याला डांबून ठेवण्याची तरतूद आलीच. १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधे एकत्र देण्याची, शिफारस केली. २००५च्या अखेरीस देशात दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण उरल्याचे जाहीर झाले. डेमियन यांना २००९मध्ये संतपद मिळाले. १८९८चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडले. नवराबायकोपैकी एकाला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण विवाह कायद्यांतून निघाले ते तर २०१९मध्ये, त्या शिफारशीनंतर जवळपास चार दशकांनी.