योम किप्पूरचा उपवास आणि मनाचे आजार

योम किप्पूर हा यहुदी पंचांगातील सर्वांत पवित्र दिवस. सूर्यास्ताच्या थोडे आधीपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, म्हणजे सुमारे 25 तास, अन्न तर नाहीच, पाण्याचा घोटही घ्यायचा नसतो. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्रायलही हा निर्जळी उपवास पिढ्यान् पिढ्या पाळत आले आहेत. मात्र जिवाला धोका असेल, किंवा तशी नुसती शंका असली, तरी उपवास सोडायचा, हा यहुदी धर्मशास्त्राचा पक्का नियम आहे. त्याला ‘पिकुआख नेफेश’ म्हणतात. अशा रुग्णाने खाणे ही सवलत नसून त्याचे कर्तव्यच ठरते, आणि आधीच अपराधी भावनेने खचलेल्या मनोरुग्णासाठी हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

मनाच्या आजारातील धोका वरून दिसत नाही. बायपोलर विकारासाठी, म्हणजे मन उन्माद आणि नैराश्य यांत हेलकावणाऱ्या आजारासाठी, लिथियम घेणाऱ्याचेच पाहा. या औषधाची रक्तातील उपयुक्त पातळी आणि घातक पातळी यांत अंतर थोडेच असते. अंगातील पाणी कमी झाले की मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवतात आणि त्याबरोबर लिथियमही रक्तात परत जाते. मग हात थरथरतात, उलट्या होतात, पुढे भान हरपू लागते. औषध एकाएकी थांबवावे, तर उन्माद उलटण्याची भीती. काही रुग्णांना त्यासाठी गालभर पाण्याहून कमी, असे घोट सुमारे नऊ-नऊ मिनिटांनी घेण्याची मुभा दिली जाते. ते पुरेसे नसेल, तर हवे तेवढे पाणी प्यायचे.

अॅनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याच्या आजारात, प्रश्न आणखी अवघड होतो. तालमुद या यहुदी धर्मशास्त्राच्या प्राचीन ग्रंथातील ‘योमा’ या भागात म्हटले आहे की रुग्ण ‘मला खायला हवे’ म्हणाला, तर शंभर जण ‘नको’ म्हणत असले तरी त्याचेच ऐकावे, कारण हृदयाचे दुःख हृदयालाच ठाऊक. पण वैद्य ‘हवे’ म्हणतो आणि रुग्ण ‘नको’ म्हणतो, तेव्हा वैद्याचे ऐकावे. ज्या आजारात ‘नको’ हेच लक्षण असते, तिथे हा जुना निवाडा नेमका लागू पडतो. वरच्या घोटांप्रमाणे घास मोजून, वेळ लावून खाण्याची पद्धत मात्र इथे उलटू शकते, कारण मोजमाप हाच या आजाराचा ध्यास असतो; म्हणून अशा रुग्णाने त्या दिवशीही ठरलेल्या वेळी नेहमीचे पूर्ण जेवण घ्यावे, आणि त्यासाठी प्रार्थनेला जाणे चुकले तरी चालेल, हे रब्बी (यहुदी धर्मगुरू) आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी त्याला आधीच स्पष्ट सांगून ठेवणे हिताचे असते.