स्नॅपशॉट आणि बूट एन्व्हायर्नमेंट: नवी बिल्ड तपासताना कशावर विसंबावे

झेडएफएस ही फाइल साठवण्याची प्रणाली वापरणाऱ्यांच्या बोलण्यात स्नॅपशॉट आणि बूट एन्व्हायर्नमेंट ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी येतात. फोंड्यातील एखाद्या लहान कार्यालयाचा, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा सर्व्हर चतुर्थीच्या सुट्टीत अद्ययावत करायला बसलेला माणूसही ‘स्नॅपशॉट घेतला आहे, आता काळजी नाही’ असे म्हणून कामाला लागतो. ही निश्चिंती मला धोक्याची वाटते.

स्नॅपशॉट म्हणजे डेटासेटची (झेडएफएसमधील फाइलींच्या एका स्वतंत्र विभागाची) त्या क्षणाची, फक्त वाचता येणारी स्थिती. तो लगेच तयार होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागा घेत नाही. मात्र त्याच्याकडे परतायचे तर रोलबॅक करावा लागतो, त्यात नंतरचे सारे बदल नाहीसे होतात, आणि मुख्य म्हणजे तो आदेश देण्यासाठी चालू असलेली प्रणाली हाताशी लागते. नवे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सुरूच झाले नाही, तर स्नॅपशॉट डिस्कवर सुखरूप असूनही यंत्र सुरू करण्यासाठी यूएसबी ड्राइव्ह शोधण्याची वेळ येते.

बूट एन्व्हायर्नमेंट हा अशाच स्नॅपशॉटपासून केलेला क्लोन, म्हणजे प्रत, असतो. पण त्यात लिहिता येते आणि त्यातून यंत्र सुरूही करता येते. त्यासाठीचे बीईसीटीएल हे साधन डिसेंबर २०१८ मधील फ्रीबीएसडी १२.० पासून मूळ प्रणालीतच आहे. नवे एन्व्हायर्नमेंट तयार करून माउंट करावे, म्हणजे चालू प्रणालीतील एका फोल्डरला जोडावे, आणि नवी बिल्ड, म्हणजे प्रणालीची नवी आवृत्ती, तिथेच बसवावी. चालू प्रणालीला धक्का लागत नाही. पुढे ‘ॲक्टिव्हेट’ या आदेशाला ‘-टी’ जोडला, तर ते फक्त पुढच्या एका बूटपुरते निवडले जाते. चाचणी चालू असताना पावसात वीज गेली किंवा नवे कर्नल मध्येच अडकले, तरी पुढच्या वेळी यंत्र जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्येच उघडते. सर्व्हर फोंड्यात आणि सांभाळणारा पणजीत असेल, तर कार्यालयातल्या कोणालाही फोनवर ‘बंद करून पुन्हा चालू करा’ एवढेच सांगावे लागते.

तरीही सारेच मागे फिरते असे नाही. इन्स्टॉलरच्या नेहमीच्या मांडणीत होम आणि लॉगचे डेटासेट बूट एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर असल्यामुळे ते जुन्या-नव्याला सामाईक राहतात. याउलट ‘/व्हार/डीबी’ हे फोल्डर आत येते, आणि पोस्टग्रेसचा डेटाबेस सहसा तिथेच असतो. नव्या बिल्डवर दिवसभर नोंदी करून संध्याकाळी जुन्यावर परतल्यास त्या नोंदी तिथे दिसणार नाहीत. त्या नव्या एन्व्हायर्नमेंटमध्येच राहिलेल्या असतात. म्हणून डेटाबेससाठी बाहेर स्वतंत्र डेटासेट आधीच करून ठेवावा, आणि स्नॅपशॉट व बूट एन्व्हायर्नमेंट दोन्ही त्याच डिस्कवर असल्यामुळे वेगळा बॅकअपही घ्यावा.

सर्वात जास्त जपायचे ते ‘झेडपूल अपग्रेड’ या आदेशाला. नवी बिल्ड सुरू झाली की पूलमध्ये, म्हणजे सगळे डेटासेट ज्यात असतात त्या डिस्कवरच्या साठ्यात, नवी वैशिष्ट्ये उपलब्ध असल्याची सूचना दिसते आणि ती पाळण्याचा मोह होतो. पण संपूर्ण पूल सर्व एन्व्हायर्नमेंटना सामाईक असतो. ती वैशिष्ट्ये एकदा वापरात आली की जुन्या कर्नलला किंवा जुन्या बूट लोडरला (यंत्र सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामला) तो पूल उघडता येईलच असे नाही, आणि बदल मागेही घेता येत नाही. जुन्या एन्व्हायर्नमेंटकडे परतण्याची गरज उरली नाही, हे पक्के झाल्यावर आणि बूट लोडर नवा करून घेतल्यावरच तो आदेश द्यावा.