हायपरसॉनिक प्रवासी विमानाचं घोडं इंजिनापाशीच का अडलंय?

४ फेब्रुवारी १९८६ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी अमेरिकी काँग्रेससमोर एका हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या पाचपटीहून जास्त वेगाच्या, विमानाचा वायदा केला. वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावरून उडायचं आणि दोन तासांत टोकियो गाठायचं. तेही नव्वदचं दशक सरायच्या आत. भाषणात त्याला ‘ओरिएंट एक्स्प्रेस’ म्हटलं होतं, कागदोपत्री ते एक्स-३०. १९९३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, विमान काही बनलंच नाही.

खोट नेमकी कुठे आहे हे सायकलला हवा भरणाऱ्या कुणालाही कळेल. पंप मारता मारता त्याचं टोक चटका देऊ लागतं, कारण दाबलेली हवा तापते. जेट इंजिनाला वेगात येणारी हवा आधी थोपवून मंद करावी लागते, मगच ती कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, फिरत्या पात्यांना झेपते. ध्वनीच्या दुप्पट वेगाला, म्हणजे मॅक २ ला, अशी थोपवलेली हवा सुमारे १२० अंश सेल्सिअसवर जाते. मॅक ५ ला हजाराच्या पुढे. अजून तिच्यात इंधनाचा थेंबही पडलेला नसतो!

काँकॉर्ड या प्रवासी विमानाने (१९७६ ते २००३) मॅक २ चं गणित सोडवलं. इंजिनाच्या तोंडाशी हलत्या झडपा होत्या. जेमतेम साडेतीन मीटरच्या वाटेत हवेचा वेग ध्वनीच्या दुपटीवरून ध्वनीच्या निम्म्यावर यायचा, आणि आतल्या प्रवाशाच्या हातातला ग्लास हिंदकळायचा नाही. या विमानाच्या टोकदार नाकाचं फार कौतुक झालं. खरी कमाल या झडपांची होती. मॅक ३ च्या वर जाणाऱ्या एसआर-७१ या हेरगिरीच्या विमानात हेच काम इंजिनाच्या तोंडातला सुळका पुढेमागे सरकून करायचा. त्याचं गणित क्षणभर चुकलं की विमानाला असा हिसका बसे की वैमानिकाचं हेल्मेट काचेवर आदळे. लष्करी वैमानिक ते सोसतो. तिकीट काढून बसलेल्याने का सोसावं?

त्याही पुढच्या वेगाची चुणूक ३ ऑक्टोबर १९६७ ला मिळाली होती. पीट नाइट यांनी रॉकेटवर चालणारं एक्स-१५ मॅक ६.७ पर्यंत नेलं. खाली रॅमजेट इंजिनाचा (फिरत्या पात्यांविना, विमानाच्या वेगानेच हवा दाबणारं इंजिन) नुसता सांगाडा लटकवला होता, आत काहीच पेटत नव्हतं. तरी आघाततरंग (ध्वनीहून वेगवान वस्तूभोवती उठणारे दाबाचे तरंग) एकमेकांवर आदळले तिथे एवढी उष्णता साठली की सांगाडा धरणाऱ्या आधाराला भोकं पडली आणि तो गळून पडला. विमान उतरलं, पण पुन्हा कधी उडालं नाही.

मग हवा थोपवायचीच नाही, असा विचार पुढे आला. स्क्रॅमजेट या प्रकारच्या इंजिनात हवा ध्वनीपेक्षा जास्त वेगानेच आत वाहते आणि त्याच वेगात तिच्यात इंधन जळतं. अडचण अशी की ती सेकंदाच्या हजाराव्या भागात आरपार निघून जाते. इंधन मिसळणं, पेटणं, जळणं सगळं तेवढ्यात उरकायचं. नासाच्या एक्स-४३ए ने नोव्हेंबर २००४ मध्ये मॅक ९.६ गाठला, पण इंजिन चाललं सुमारे १० सेकंद. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोटाहून केलेल्या चाचणीत स्क्रॅमजेट ५ सेकंद चाललं. २०१३ मध्ये अमेरिकेच्याच एक्स-५१ए चं इंजिन साडेतीन मिनिटं टिकलं. या सगळ्यांना आधी रॉकेटने वेग द्यावा लागला होता, कारण उभ्या जागेवरून स्क्रॅमजेट सुरूच होत नाही. धावपट्टीवरून निघणाऱ्या प्रवासी विमानाला म्हणजे दोन इंजिनं हवीत, नाहीतर एकातच दोन मुरवलेली.

ब्रिटनच्या रिअॅक्शन इंजिन्स या कंपनीची वाट मला सगळ्यात पटायची: हवा तापली ना, मग गार करा. केसाहून पातळ भिंतीच्या हजारो नळ्यांचं जाळं तोंडाशी बसवायचं आणि सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत उष्णता शोषून घ्यायची. हवा फार गार केली तर तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ होऊन जाळंच तुंबतं, हा आणखी एक ताप. तरी २०१९ मध्ये कोलोरॅडोत मॅक ५ इतकी, म्हणजे हजार अंशांची हवा या जाळ्यावर सोडली आणि ते टिकलं. ती हवा तापवायला वापरलं होतं फँटम लढाऊ विमानाचं जुनं जे-७९ इंजिन. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस पैसे संपून कंपनी बंद पडली.