रोगांचे नामकरण

रोगाला नाव ठेवताना त्याचे कारण, उगम किंवा गांभीर्य यांविषयीची तत्कालीन समजूतही नावात शिरते. समजूत मागे पडते, नाव टिकते. 'मलेरिया' म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा. फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांना १८८० मध्ये रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला, ब्रिटिश डॉक्टर रॉस यांनी १८९७ मध्ये डासाच्या पोटात तो शोधला; हवेवर ठपका ठेवणारे नाव तरीही चालूच आहे. मराठीतला 'हिवताप' फक्त लक्षण सांगतो, म्हणून तो कधी खोटा पडला नाही.

स्थळावरून पडलेली नावे बहुधा दुसऱ्याच्या माथी मारलेली असतात. सिफिलिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगाला इटलीत 'फ्रेंच रोग' म्हणत, फ्रान्समध्ये 'नेपल्सचा रोग', आणि 'भावप्रकाश' या आयुर्वेदीय ग्रंथात तो 'फिरंगरोग' आहे. १९१८ च्या फ्लूला 'स्पॅनिश फ्लू' म्हणतात, पण त्याची साथ स्पेनमध्ये सुरू झाल्याचा पुरावा नाही. पहिल्या महायुद्धात तटस्थ असलेल्या त्या देशातली वृत्तपत्रे साथीच्या बातम्या मोकळेपणाने छापत होती, एवढेच. नव्या रोगांच्या नावांत स्थळे, व्यक्ती, प्राणी वा व्यवसाय नकोत, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. 'कोविड-१९' हे नाव त्याच धोरणातले.

नाव बदलल्याने उपचारांची वाटही बदलू शकते. जपानमध्ये स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या जुन्या नावाचा अर्थ 'मन दुभंगण्याचा रोग' असा होता. डॉक्टर ते रुग्णापुढे उच्चारायला कचरत. २००२ मध्ये 'मनोव्यापारांचा मेळ बिघडणे' अशा अर्थाचे नाव आले आणि रुग्णाला निदान सांगण्याचे प्रमाण वाढले. (मराठीतल्या 'छिन्नमनस्कते'नेही दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचा गैरसमज पोसला आहे.) थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठी आवरणातच राहतात, आजूबाजूला घुसत नाहीत, २०१६ मध्ये तज्ज्ञांनी त्यांच्या नावातून 'कर्करोग' हा शब्दच काढला. गाठ तीच, पण कर्करोग म्हटले की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही गरजेपेक्षा मोठ्या उपचारांकडे वळतात.

सर्वांत घोटाळ्याचे नाव 'हार्ट फेल्युअर'. बोलण्यात 'हार्ट फेल झाले' म्हणजे माणूस गेला. वैद्यकात मात्र हृदय चालू असते. शरीराला पुरेल इतके रक्त ते नीट पुढे ढकलू शकत नाही, आणि औषधांवर कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे काढतात. 'हृदय निकामी होणे' हा मराठी पर्याय तर मूळ नावापेक्षाही धडकी भरवणारा आहे.