कोविडची फाइल वाचताना
(आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी)

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये आमच्या काउंटरवर दिवसभर रक्ततपासण्यांची एकच चिठ्ठी यायची : सीबीसी, सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच. "न्यूमोनिया छातीत आहे ना, मग एवढं रक्त कशाला?" असं नातेवाईक विचारायचे. त्या गर्दीत नीट सांगायला वेळ नव्हता. तीच फाइल घेऊन अजूनही काही जण येतात, म्हणून हे पत्रक.

कोरोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ या प्रथिनाला धरून. हे प्रथिन फुप्फुसात असतं, तसंच हृदयात, मूत्रपिंडात आणि आतड्यांतही. आजार गंभीर झाला की विषाणूइतकंच, कधी जास्तही, नुकसान शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती करते. सीआरपी (शरीरात दाह आहे हे दाखवणारं रक्तातलं प्रथिन) वाढतो तो प्रतिकारशक्तीच्या या भडक्यामुळे.

छातीच्या सीटी स्कॅनवरून देतात त्या सीटी स्कोअरबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. १५/२५ म्हणजे ६० टक्के फुप्फुस गेलं, असं नाही. फुप्फुसाच्या पाच भागांना प्रत्येकी ५ पर्यंत गुण देतात, आणि ३ गुण म्हणजे त्या भागाचा साधारण पाव ते निम्मा हिस्सा बाधित. पाचही भागांना ३ मिळाले की झाले १५, म्हणजे तेव्हाही बाधित फुप्फुस पाव ते निम्मंच.

सगळ्यात जास्त घाबरवणारा आकडा डी-डायमरचा. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला सूज आली की रक्ताच्या गुठळ्या होऊ लागतात. त्या विरघळताना जो तुकडा रक्तात उरतो, तो डी-डायमर. गुठळी पायात, फुप्फुसात, मेंदूतही अडकू शकते. कोविडमध्ये काहींना लकवा आला तो यामुळेच. मात्र आकड्याआधी एकक बघा : ५०० नॅनोग्रॅम आणि ०.५ मायक्रोग्रॅम एकच! शिवाय हा आकडा मांडण्याच्या एफईयू आणि डीडीयू अशा दोन पद्धती आहेत, त्यांत जवळपास दुपटीचा फरक पडतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नाही. वय, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांनीही हा आकडा चढतो.

मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघतात. अतिदक्षता विभागातल्या काही रुग्णांना डायलिसिस लागलं होतं. क्रिएटिनिन नॉर्मल असूनही लघवीतून प्रथिन जात असू शकतं, म्हणून साधी लघवीची तपासणी टाळू नका. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन वाढतं. यकृताची तपासणी असलेला एसजीपीटी बऱ्याचदा वाढतो आणि बऱ्याचदा आपोआप उतरतो. कधी कारण औषधंही असतात.

स्टेरॉइडने अनेकांचे जीव वाचले, पण साखर चढली. काळ्या बुरशीने २०२१मध्ये गाठले ते प्रामुख्याने असेच रुग्ण. तेव्हा स्टेरॉइड घेतलं असेल आणि त्यानंतर साखर तपासलीच नसेल, तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) एकदा करून घ्या.

डी-डायमर मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पुन्हापुन्हा करू नका. लॅबवालेच असून सांगतोय. आणि एकच पाय अचानक सुजला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर आमच्याकडे येऊ नका. थेट हॉस्पिटल गाठा.